गळलेला ठोका

संकलक : सिनेमाच्या फितीच्या कापलेल्या बारा चौकटी आहेत या डबीत. जपून हाताळ पोरी. पन्नास वर्षं देवाकडे एवढंच मागितलं, की मरायच्या आत या परत आपल्या जागेवर जाव्यात.

बायको : माझ्या दागिन्यांना कुलूप नव्हतं. या डबीला होतं!

तंत्रज्ञ मुलगी : काका, त्या गाण्याच्या आवाजाची मूळ फीतही सापडलीय. सिनेमाची नवी प्रत उद्या पक्की होणार. जोडता येईल. पण गाण्यातला तो ठोका गेला कसा?

संकलक : माझ्या हातून. बँडचा पहिलाच सिनेमा, सगळी पोरं वेडी झालेली. प्रती काढायच्या दिवशी आवाजाची पट्टी यंत्रात अडकून फाटली. अर्धा सेकंद गेला. ओठ जुळावेत म्हणून चित्रही तेवढंच कापलं. भर ध्रुवपदात टाळीचा एक ठोका गायब!

मुलगी : मूळ फीत मागायची ना.

संकलक : मग चूक कबूल करावी लागली असती. तेवढी छाती नव्हती.

बायको : तेव्हापासून हे गाणं आलं की यांना तहान लागते. थिएटरातून थेट बाहेर.

मुलगी : म्हणजे लोकांत बसून कधी ऐकलंच नाहीत?

संकलक : कोणत्या तोंडानं ऐकू?

मुलगी : मग आज ऐका. म्हणूनच मागच्या रांगेत बसवलंय तुम्हाला. जुनीच प्रत चाललीय, तीनशे माणसं आहेत समोर.

बायको : हात धरलाय मी. पळून दाखवा आता.

(गाणं येतं. अख्खं थिएटर टाळ्या धरतं. एका ठोक्याला चिडीचूप. पुन्हा टाळ्या.)

संकलक : हे... हे काय झालं?

मुलगी : दर वेळी असंच होतं.

संकलक : एकाचाही हात पडला नाही गं! कोण सांगतं यांना?

मुलगी : कोणीच नाही. पुढे तो बँडही मैफलीत तिथे थांबायला लागला.

बायको : देवा रे! काटा आला बघ अंगावर.

मुलगी : काका, जोडू ना चौकटी?

संकलक : नको.

बायको : अहो, पन्नास वर्षं ज्यासाठी जीव टांगून ठेवलात...

संकलक : नको म्हटलं ना. तिथे हात लावू नकोस पोरी. अगं, ती कडेची बाई बघ, तिच्या मांडीवरचं पोर. धड बोलायलाही येत नसेल त्याला. तेही थांबलं होतं.