चार बोटं उसवलेली चटई

पेले : ...आणि उंदराचं नाव घेऊ नका, वन्स. उंदीर कुरतडतो, उसवत नाही. परवा कडेपर्यंत आणलेली वीण आज चार बोटं मागे कशी?

सालाफाई : मला काय विचारतेस? अख्ख्या गावच्या बायका इथं विणायला बसतात.

पेले : बसतात. पण सेफिनाच्या लग्नाच्या चटईला तिच्या आईखेरीज कोण हात लावेल?

सालाफाई : तूच की! सात महिने विणली मी. ऑकलंडला केमो घ्यायला काय गेले, परत येऊन बघते तर माझ्या जागेवर भावाची बायको ऐसपैस बसलेली!

पेले : तुम्हीच फोनवर रडलात, "पेले, हात लाव, नाहीतर पोर चटईवाचून सासरी जाईल."

सालाफाई : हात लाव म्हटलं होतं. मुक्काम ठोक नव्हतं म्हटलं.

पेले : मग घ्या. ही केवड्याची पात. चिरा अंगठ्याच्या नखानं, सुतासारखी. घ्या ना!

(सालाफाई दोन्ही हात कमरेच्या वस्त्रात लपवते.)

पेले : बघू... अगं बाई!

सालाफाई : नखं काळी पडलीत, त्या औषधानं. दोन गळली, उरलेली हलतात. साधं केळं सोलवत नाही. नवी यायला सहा महिने, म्हणतो डॉक्टर.

पेले : मग असल्या बोटांनी उसवलीत कशी?

सालाफाई : दातांनी.

पेले : दातांनी! अहो, चार दिवसांचं काम ते. शनिवारी लग्न आहे!

सालाफाई : मला सांगतेस? माझ्या पोटची पोर ती. वरपक्षासमोर चटई पसरली की बायका "मालो, मालो!" करून वाहवा करतील, आणि विचारतील, कुणाचा हात?

पेले : तुमचाच सांगेन. कुणाला कळतंय?

सालाफाई : मला कळतंय ना! जळते मी तुझ्यावर, पेले. वीण वाईट असती तर शिवलेसुद्धा नसते. माझ्याहून बारीक आहे मेली! माझी कुठं संपते, तुझी कुठं सुरू होते, लांबून दिसतं.

पेले : मग काय करू? उठू?

सालाफाई : उठून काय करतेस? पोरीची शोभा होईल चारचौघांत. विण.

पेले : आणि तुम्ही? जाताय घरी?

सालाफाई : नाही, इथंच बसते. तू फक्त माझ्याकडे पाठ करून बस.