दुपारचं जेवण, बावीस पावलांवर

आमचे वाडवडील घोड्यावरनं या कानडी मुलखात आले म्हणतात, खरंखोटं देव जाणे, मी तर सत्तर वर्षांत घोडा लग्नाच्या वरातीत तेवढा बघितला. आमच्या घरात शिलाईचं मशीनच. मल्लेश्वरमला गल्लीच्या तोंडाशी आमचं लहानसं दुकान, ब्लाउज, परकर, शाळेचे कपडे, पायानं मशीन मारत जन्म गेला, आणि काय सांगू ताई तुम्हाला, त्याच पायानं दगा दिला. खाली अस्तराचा सॅटिनचा तुकडा पडला होता, त्यावरनं घसरलो आणि खुबा मोडला.

ऑपरेशन झालं, आत लोखंड घातलं. मुलगा मुंबईहून आला, पंधरा दिवस राहिला, वॉकर घेऊन दिला, अप्पा चला की तिकडं म्हणला, मी न्हाई म्हणलो, दुकान हाय. डॉक्टर म्हणले रोज चाला आणि डाळ, दूध, अंडी नीट खा. आता बघा, बायको जाऊन वर्ष झालेलं, आणि वॉकरला दोन्ही हात लागतात. ओट्यापासनं खुर्चीपर्यंत दुधाचा पेला न्यायचा कसा, हे कुठल्या डॉक्टरला सुचलं न्हाई. मग मी ओट्यापाशीच उभ्यानं कॉफीत बन बुडवून खायचो, सकाळी तेच, दुपारी तेच. आणि खरं सांगतो, हात मोकळे असते तरी एकट्यासाठी कुकर लावायचा जीव होत नव्हता.

आमच्या गावची रीत अशी की नमस्कार-बिमस्कार कोण करत न्हाई, ऊट आयता विचारतात, जेवण झालं का म्हणून, आणि आयतु, झालं, एवढंच म्हणायचं, घरात गॅस पेटला असो नसो. फूलवाली विचारायची, भाजीवाला विचारायचा, शेजारच्या रत्नक्का तर रोज दारातनं विचारायच्या. रिटायर टीचर त्या, एकट्याच, मुलगी अमेरिकेत. दिवसातनं पाच वेळा मी असा तोंडानं जेवायचो.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी मांडीला टेप लावली. हाड जुळलं म्हणले. पण टेप मला वाचता येते ताई, दुसऱ्या मांडीपेक्षा दीड इंच कमी. खाता काय विचारलं, मी सवयीनं सगळं खातो म्हणलो. ते म्हणले, पोटात काय न्हाई तर व्यायाम करून मांस कुठनं येणार, असंच चाललं तर हा वॉकर जन्माचा. वॉकर धरून मशीनवर कोण बसतो? त्या दिवशी मला लई भ्या वाटलं.

ऑटोतनं उतरलो तर रत्नक्का दारात. ऊट आयता अण्णा? मी म्हणलो, इल्ला अक्का, न्हाई, बायको गेल्यापासनं झालंच न्हाई. एवढं बोललो आणि रडू आलं, भर रस्त्यात.  रत्नक्का म्हणल्या, माझंबी न्हाई झालं अण्णा. उद्यापासनं दोघांचं करते, पण ताट मी तुमच्याकडं आणणार न्हाई, तुम्ही चालत यायचं.

बावीस पावलं त्यांचं दार. पहिल्या दिवशी तीनदा थांबलो, घाम फुटला. अंडी त्यांच्या घरात चालायची न्हाईत, ती मी घरीच उकडून खायचो, पण नाचणीचा मुद्दे, म्हणजे उकडीचा गोळा, घट्ट डाळ, दही, वाढतच राहायच्या, स्वल्प अजून, थोडं अजून. बोलणं फार नव्हतं, त्या कन्नडात, मी अर्धं इकडचं अर्धं तिकडचं. पण समोर बसून जेवायच्या. चार महिन्यांत वॉकर सुटला, काठी आली, दुकान उघडलं.

गेल्या महिन्यात रत्नक्कांची मुलगी आली आणि त्यांना अमेरिकेला घेऊन गेली, कायमचं. मी टॅक्सीपर्यंत चालत सोडायला गेलो, काठी न घेता. आता माझं मीच करतो, डाळभात, अंडी, खुर्चीत बसून नीट जेवतो, पाय टिकवायचा हाय. पण पाय आला आणि दुपारी जायला दार न्हाई राहिलं, असं झालं बघा. तिकडं मुलगी, जावई दोघंबी सकाळी कामाला जातात म्हणे, दिवसभर घर रिकामं. देवानं दुपारच्याला त्या बाईसमोर कुणीतरी जेवायला बसवावं, एवढंच मागणं हाय माझं.