शेजारच्या गंजीतला कडबा

शेजारधर्मापुढे सगळे धर्म फिके, यावर गुरांच्या दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या तात्या आणि अण्णा या दोन्ही शेजाऱ्यांचं एकमत होतं. मग कंपाउंडर बाहेर आला.

"तात्या, तुमच्या गाईला कडबा बाधला. पिकाला युरिया फार झाला, की त्याचं विष धाटात साठतं."

"युरिया? माझ्या रानात नुसतं शेणखत!"

"अहो तात्या, मग हिनं कोणाचा कडबा खाल्ला?" अण्णांनी विचारलं.

"तुमच्या गंजीचा रंगच असा हिरवागार होता, अण्णा..."

"माझ्या गंजीतला चोरलात?"

"चारच पेंढ्या! पण एवढा युरिया मारलाय, हे सांगायचं तरी!"

"चोरणार आहात, हे तुम्ही सांगितलं होतंत?"

"माझी गाय मरायला टेकलीय, नि तुम्हाला पेंढ्यांचं पडलंय!"

"पेंढ्या गेल्या खड्ड्यात! माझीही तोच कडबा खाऊन टेम्पोत आडवी पडलीय. पुढचा नंबर तिचाच आहे."