बुडक्या खडपावरचं रडणं

ऐका. शेकोटीजवळ सरका आणि मध्ये बोलू नका. रघ्या, हसू नकोस. उद्या दिवेलागणीनंतर तुम्ही पोरं कालवं काढायला बुडक्या खडपावर निघालायत, कळलंय मला. म्हणून सांगत्ये. नाहीतर हे तोंडावर आणलं नसतं कधी.

तुमचा बाप सदा तेव्हा तीन महिन्यांचा. अंगावर पिणारा. पौषातली अमावास्या होऊन तिसरा दिवस. होडी डागडुजीला वर ओढलेली, घरात कालवणाला मासळीचा काटा नाही. ओहोटी रात्री आठची, पाणी लांबवर ओसरणार. मोठी जाऊ म्हणाली, "चल गो द्वारके, चार कालवं काढून आणू. सासूबाई बघतील पोराला."

अनसूया वयनी तिचं नाव. लग्नाला चौदा वर्षं झाली, कूस उजवली नव्हती. माझ्या सदाला न्हाऊमाखू तीच घालायची. म्हणायची, "तू नुसतं पाज, बाकीचं माझं." कधी हेवा केला नाही माझा. देवाशपथ सांगत्ये!

तर निघालो. कंदील, टोपल्या, हातात कोयत्या. बारीकशी चंद्रकोर होती, ती पण बुडाली. बुडकं खडप, तो समुद्रातला कातळ, ठाऊक आहे ना? किनाऱ्याला परत यायची वाट खळग्यातून. भरतीचं पाणी आधी त्या खळग्यात शिरतं. आपण वर सुक्यात बसलेले, आणि मागं वाट बुडालेली! म्हणून तिथं कुणी जात नाही, आणि म्हणून कालवं मोठी मिळतात.

दोघी दोन बाजूंना बसलो. अंधारात एकमेकींचं कसं चाललंय ते कोयतीच्या ठोक्यांवरून कळतं. माझा ठोका, वयनीचा ठोका. टक. टक. जरा वेळानं मी थांबल्ये, कंबर मोडली म्हणून. तर ऐकू काय येतंय? दोन ठोके! एक वयनीचा. आणि दुसरा?

"वयनी, अजून कोण आलंय गो?"

"कोण येतंय? तूच तर ठोकतेयस!"

माझे हात मांडीवर होते. म्हटलं, वयनी, चल. ती म्हणाली, टोपली तर भरू दे. आणि कंदील घेऊन माझ्याजवळ आली. तेवढ्यात पाण्याकडून हाक, "द्वारके, इकडं ये गो, इकडं रास पडलीय!" आवाज वयनीचा. आणि वयनी माझ्यासमोर, उजेडात, तोंड मिटून उभी!

गिरा होता तो. बुडून मेलेल्याचं भूत. माणसाला खोल पाण्यात नेतं. टोपल्या तिथंच टाकल्या आणि आम्ही पळालो. खळग्यात उतरलो, पाणी घोट्याला लागलं. आणि समुद्राच्या बाजूनं मूल रडलं.

सदा रडतो तस्सं! तेच हुंदके, तेच श्वास अडकणं. मी वळल्ये. दोन पावलं गेल्ये पण. आणि थांबल्ये. आता नातवंडांना सांगायला लाज कसली? सदा नुसता कुरकुरला तरी माझी चोळी भिजायची. शेजारच्या घरात असला तरी. आणि इथं मूल टाहो फोडतंय, पाजायची वेळ टळलेली, छाती भरून ठणकतेय, आणि थेंब नाही! पान्हा फुटेना! हे माझं लेकरू नव्हे!

"वयनी, तो सदा नव्हे! फिर मागं!"

पण मला पान्ह्यानं सांगितलं. तिला कोण सांगणार? ती निघाली होती दोन्ही हात पुढं करून. "आल्ये रे राजा, रडू नको, आल्ये." कंदील पडला, विझला. मी धावत जाऊन तिचा पदर धरला. ती पुढं ओढतेय, मी मागं. पाणी गुडघ्याला. कमरेला. मी ओरडत्ये आणि ती हसतेय. अरे, हसत होती ती! पाणी छातीला आलं, आणि घरी पाळण्यातला माझा खरा सदा डोळ्यांपुढं आला. मी पदर सोडला.

किनाऱ्याला कशी लागल्ये, ठाऊक नाही. गुडघे कालवांनी चिरले होते. सकाळी अख्खा गाव शोधत होता. वयनी मिळाली नाही. मी सांगितलं, पाय घसरला तिचा. पदराचं आज पहिल्यांदा बोलत्ये.

त्या रात्रीपासून तिथं मूल रडलेलं कुणी ऐकलं नाही. पण होडीतून गळ टाकायला गेलेले सांगतात, अंधार पडला की कुणी बाई बाळाला निजवत असते.

म्हणून म्हणत्ये, जाऊ नका रे. कालवं दुसरीकडं मिळतील. ती वाट अंधारात धरायची नाही, म्हणजे नाही! तुम्ही तिच्या सदाची पोरं. मायेनं जवळ घेईल आणि सोडायची नाही. मी तर दिवसाढवळ्यासुद्धा त्या बाजूला फिरकत नाही. भुताला भिऊन नव्हे. माझा पदर का सोडलास गो, असं तिनं विचारलं, तर काय सांगू मी तिला?