शेठच्या व्याह्यांकडे

तुम्हाला ऑफिसात फार तर चहा सांगायला लावतात. मला आमच्या शेठनी व्याह्यांकडे हेरगिरीला नेलं होतं!

बडोद्याजवळच्या पादरा गावात रंगाच्या कारखान्यात मी केमिस्ट. शेठच्या मुलाने मराठी मुलगी पसंत केली. तिचे आईवडील सांगलीहून बडोद्यात गोत्रीला नवीनच राहायला आलेले. शेठ मला म्हणाले, "नीताबेन, तमे पण चालो. ते आपसांत मराठीत बोलतील, ते ऐकायचं आणि मला सांगायचं."

"शेठ, हे माझं काम नाही."

"खबर छे, माहीत आहे मला," म्हणाले आणि मला गाडीत बसवलंच.

तिथे पोहोचतोय तोच मुलीच्या आईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "ताई, तुम्ही आपलं माणूस. खरं सांगा, सासरा कसा आहे?"

खोटं सांगावं तर मुलीच्या जन्माचा प्रश्न, खरं सांगावं तर माझी नोकरी. शेवटी म्हटलं, "मनाने फार चांगले आहेत. फक्त 'नाही' हा शब्द त्यांना ऐकू येत नाही."

परतताना शेठनी विचारलंच, "अंदर शुं वात थई? काय बोलणं झालं?"

मी सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं. शेठ म्हणाले, "मग त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, आमच्या मुलीला तेवढा एकच शब्द येतो."

शेठ इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. "तो पछी लग्न नक्की! घरमां कोईक तो 'नाही' म्हणणारं जोइए, पाहिजेच."

तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.