संशोधन हा तुझा पिंड नाही

आदरणीय अध्यक्ष प्राचार्याबाई, व्यासपीठावरचे आमचे विभागप्रमुख, पाहुणे मंडळी, सहकारी आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

विभागप्रमुखांनी आत्ता माझ्याविषयी इतके गोड शब्द काढले, की हा निरोपसमारंभ दुसऱ्याच कुणाचा असावा असं मला वाटलं. मी म्हणे मानसशास्त्र विभागाची आई. बैठकीत मात्र ते मला 'अडथळा' म्हणत आले. मुलं मला पाठीमागे 'सरासरीबाई' म्हणतात, ते परवडलं. मी संख्याशास्त्र शिकवते, त्यात खोटं काही नाही.

सर, घड्याळ बघू नका. चहा थांबेल.

आमच्याकडे एक मुलगी आली होती. फार प्रश्न विचारायची, म्हणून आमच्या या विभागप्रमुख सरांनी तिचं नाव 'कटकट' ठेवलं. तिची धाकटी बहीण घरी सगळं घडाघडा म्हणून दाखवायची आणि परीक्षेत कोरा कागद देऊन यायची. हे का होतं, एवढंच कटकटला शोधायचं होतं. परीक्षेच्या भीतीवर काम करणारा एक संशोधन गटही तिने हेरून ठेवला होता. संख्याशास्त्र झालेलं असेल आणि प्रयोगशाळेत थोडं काम केलेलं असेल, तर ते लोक पदवीच्या मुलांनाही घेत.

पहिल्याच वर्षी ती विषय ठरवायला सरांकडे गेली. मी शेजारच्याच टेबलावर पेपर तपासत होते. सरांनी तिला आधी स्वप्नं, प्रेम, गुन्हेगारी असे विषय घ्यायला सांगितलं. आकडेमोड शेवटच्या वर्षी.

"मग प्रयोग कधी करायचे, सर?" तिने विचारलं.

"पदवी मिळाल्यावर," सर म्हणाले.

मी मध्ये पडले. संख्याशास्त्र आधी घेऊ दे, पुढच्या वर्षी माझ्या प्रयोगांत मदतीला येऊ दे, असं सांगून पाहिलं. सरांनी तिच्या विषयांच्या अर्जावर सही केली नाही. अवघड विषय आधी ठेवले तर मुलं पळतात, वर्ग ओस पडतात, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. शिवणकाम करणारी तिची आई भेटायला आली, तर तिचीही त्यांनी हसतमुखाने बोळवण केली. घरी जाऊन आईने मुलीला सांगितलं, सर म्हणतात तसं कर. मुलीने तसंच केलं.

शेवटच्या वर्षी ती त्या गटाकडे मुलाखतीला गेली. आजवर कोणता प्रयोग केलास, माहितीचं विश्लेषण कसं केलंस, असं त्यांनी विचारलं. ती काय सांगणार? तिला स्वप्नांचे सगळे सिद्धांत पाठ होते. नकार घेऊन ती विभागात आली, तेव्हा आम्ही सगळे तिथेच बसलो होतो. सर वर न बघता म्हणाले, "संशोधन हा तुझा पिंड नाही."

ती रडली नाही. माझ्याकडेही तिने पाहिलं नाही. खुर्ची सरळ केली आणि निघून गेली.

पुढच्या सत्रात पहिल्या वर्षाच्या वर्गात मला शेवटच्या बाकावर ती दिसली. पदवी झालेली मुलगी, आपल्याहून लहान मुलांत बसून पुन्हा मुळापासून संख्याशास्त्र शिकत होती. सकाळी औषधांच्या दुकानात उभी राहायची, दुपारी माझ्या प्रयोगांत मुलांच्या उत्तरांची नोंद करायची. सरांनी प्रयोगशाळेत बाहेरच्यांना बंदी घातली, तेव्हा आम्ही जिन्याखालच्या खोलीत टेबल टाकलं. पुढे त्याच गटाने तिला घेतलं. आज परीक्षेच्या भीतीवरच्या त्यांच्या कामात तिचं नाव पहिलं असतं.

आणि आज या सभागृहाच्या दारात सरांनी तिचा भलामोठा फोटो लावला. खाली लिहिलं, 'आमच्या विभागाने घडवलेली संशोधक'. सर, तुम्ही? कधी?

मी तिला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, "बाई, तो काढायला सांगाल का?"

मी सांगत बसले नाही. स्वतःच काढला.

पहिल्या वर्षाच्या मुलांनो, संख्याशास्त्र आत्ताच घ्या, पुढच्या वर्षी प्रयोगशाळा मागा. सही अडली तर थेट प्राचार्याबाईंचं दार ठोठावा. त्या इथे बसून ऐकताहेत.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभार. बोलण्यात काही राहून गेलं असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करा. जास्त झालं असं ज्यांना वाटतंय, त्यांची मात्र मी क्षमा मागणार नाही.