पाळण्याजवळ ऐंशी व्हायोलिनं

दुपारी दोन वाजून बारा मिनिटांनी, घड्याळात बघून सांगते, अंदाजाने नाही, माझी मुलगी एकदाची झोपली, आणि दोन वाजून पंधरा मिनिटांनी आमच्या पुढच्या खोलीत ऐंशी माणसांनी व्हायोलिनं वाजवायला घेतली. तुम्ही म्हणाल, ऐंशी माणसं तुमच्या खोलीत मावली कशी? मावायला काय, खोक्यात होती. आमचे भावजी, म्हणजे धाकटे दीर, कार्यक्रमांना स्पीकर भाड्याने देतात आणि बिघडलेले घरी आणून दुरुस्त करतात, त्यामुळे आमच्याकडे खुर्च्या दोन आणि स्पीकर नऊ. त्यातले दोन तर माझ्या उंचीचे. पाहुणे आले की आधी त्या दोघांना वळसा घालतात, मग मला विचारतात, कशी आहेस. आणि या सगळ्याच्या पलीकडे, मधे एक पातळ पडदा, आणि पडद्याआड पाळणा... आणि मुलगी झोपलेली.

तर काय झालं होतं, ते एकाच हेराचे सिनेमे येत राहतात ना, त्यातल्या नव्या सिनेमाचं संगीत आलं होतं. सिनेमा नाही हं, सिनेमा यायला अजून महिना होता. नुसतं संगीत. त्यातही गाणी नाहीत, एक शब्द नाही. मी भावजींना विचारलं, यात गाणं कुठे आहे? तर ते डोळे मिटून म्हणतात, "वहिनी, यात गाणं नसतं. यात वातावरण असतं." म्हटलं बरं बाई. वातावरण तर वातावरण, पण जरा बारीक आवाजात असेल तर चालत नाही का? नाही चालत. कारण भावजींसारखी या संगीताची वेडी माणसं आहेत, त्यांचा एक नियम आहे. त्याला ते 'पहिलं ऐकणं' म्हणतात. पहिलं ऐकणं म्हणजे खिडक्यांचे पडदे ओढायचे, फोन उलटे ठेवायचे, आणि पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत अठ्ठेचाळीस मिनिटं कोणी बोलायचं नाही, उठायचं नाही, खोकायचं नाही, आणि मधे थांबवायचं तर मुळीच नाही. थांबवलं की ते 'फुटतं' म्हणे. काय फुटतं ते मला अजून कळलेलं नाही. जो बोलेल त्याला फोनवरच्या ग्रुपमधून काढून टाकतात. चारशे बारा माणसं आहेत त्या ग्रुपात, आणि गेल्या वेळी एकाला शिंक आली म्हणून काढलं होतं. तोही बिचारा माफी मागून परत आला.

पुढच्या खोलीत तिघं. एक भावजी. दुसरे खालचे सलूनवाले, ते दुकानाला अर्धा दिवस कुलूप लावून आले होते, खिशात कात्री तशीच. आणि तिसरे बिगुलकाका. बिगुलकाका पोलिसांच्या बँडात एकतीस वर्षं ट्रम्पेट वाजवून निवृत्त झाले, पण सगळी इमारत त्यांना बिगुलकाका म्हणते, आणि ते प्रत्येकाला थांबवून सांगतात, "बिगुल नाही, ट्रम्पेट. बिगुलाला बटणं नसतात." लोक म्हणतात, हो बिगुलकाका.

यांची भानगड अशी की त्या हेराची एक जुनी धून आहे. तो आला की ट्रम्पेटं वाजतात, डां डां डॅऽऽ डां, आणि ती धून ऐकली की म्हणे अंगावर काटा येतो. जुने संगीतकार गेले, आता नवीन आला, आणि त्याने मुलाखतीत सांगितलं की मी ट्रम्पेटं काढली, व्हायोलिनं ठेवली. झालं. बिगुलकाकांनी दोन दिवस जेवण टाकलं. सलूनवाले म्हणतात, "अहो काका, हेर आहे तो, गुपचूप यायला नको?" काका म्हणतात, "गुपचूप यायला तो काय दूधवाला आहे? हेर आलाय हे कळायला नको?" भावजी मधेच, "कळलं तर तो हेर कसला?" एवढं सगळं दोनच्या आधी, माझ्या पाळण्यापासून चार हातांवर, आणि मी एका हाताने दोरी ओढतेय, दुसऱ्या हाताने 'हळू, हळू' करतेय, आणि ते मला हात हलवून 'या, या, बसा' म्हणतायत.

मग सव्वादोनला सुरू झालं. आधी व्हायोलिनं. मग आणखी व्हायोलिनं. मग ढोलासारखं काहीतरी, एवढं मोठं, की मांडणीतल्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणायला लागल्या. मी पडद्यातून डोकं बाहेर काढलं आणि भावजींना खुणेने विचारलं, बंद करता का? त्यांनी खुणेने सांगितलं, फुटेल. मी पाळण्यात बघितलं... आणि मुलगी झोपलेली.

सासूबाई स्वयंपाकघरातून येऊन बघून गेल्या. कौतुकाने म्हणाल्या, "गुणाची गं माझी पोर. एवढ्या दणक्यात हलली नाही." मलाही आधी बरंच वाटलं. खोटं कशाला सांगू. म्हटलं चला, आज नशीब. दरवाजाशी टेकून मीही ऐकत बसले. आणि मनात सहज आलं, अहो, हा हेर चोरपावलांनी शत्रूच्या वाड्यात शिरतो ना, मग त्याच्या मागे ऐंशी माणसं एवढा गोंगाट करतात तो पहारेकऱ्यांना जात नाही का ऐकू? एकजात सगळे पहारेकरी बहिरे आहेत की काय?

बहिरे. शब्द मनात आला आणि मी दरवाजापासून उठून थेट पाळण्यापाशी.

कारण तुम्हाला सांगते, ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नव्हती. महिन्यापूर्वी मी मुलीला लसीला घेऊन गेले. सिस्टर कार्डावर खाली मान घालून विचारत होत्या, "मान धरते? आधाराशिवाय बसते? हाक मारली की वळून बघते?" मागे रांगेत पंचवीस बायका, पंचवीस पोरं, सगळी एका सुरात रडणारी, कोणीतरी मागून म्हणतंय, "अहो सरका पुढे." मी म्हटलं हो, हो, हो. तीन हो. सिस्टरनी बरोबरच्या तीन टिका केल्या. घरी आल्यावर भांडी घासताना हात थांबला. पहिला हो खरा. दुसरा खरा. तिसरा मी कधी बघितला होता?

तेव्हापासून मी बघतेय. तिच्या पाठीमागे उभं राहून ताटलीवर चमचा वाजवायचा. ती बघत नाही. दाराची कडी आपटायची. ती स्वतःच्या पायाचा अंगठा बघते. हाक मारायची, कितीतरी वेळा, हळू, मोठ्याने, लाडाने, चिडून. अंगठा. महिनाभर मी घरात भुतासारखी तिच्या मागून ताटल्या वाजवत फिरतेय. सासूबाई एकदा म्हणाल्या, "अगं, भूक लागली असेल तर सरळ वाढून घे ना." आणि आमच्या यांना आडून विचारलं, तुमच्या घरात कोणाला कमी ऐकू यायचं का हो? हे छापखान्यात मशीनवर असतात, दिवसभर धडाड धडाड, संध्याकाळी घरी आले की काहीही विचारा, म्हणतात "हं." तेव्हाही "हं"च म्हणाले. माझा जीव अर्धा झाला. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "त्याला ऐकायला येतं गं चांगलं. लग्नाच्या आधी पण असाच होता. मी दूध उतू गेलं म्हणायचे, तो हं म्हणायचा."

आणि त्या कार्डावर ती टीक. सगळ्यांना वाटतंय सगळं ठीक आहे, कारण मी सांगितलंय ठीक आहे म्हणून.

आता मला सांगा, अशा बाईने त्या ढोलाच्या शेजारी काय करावं? मी केलं ते सांगते. मी गेले पुढच्या खोलीत आणि भावजींना खूण केली, आवाज वाढवा. त्यांना आधी कळलंच नाही. मी दोन्ही हातांनी वर, वर. भावजींचा चेहरा असा उजळला की काय सांगू, लग्न होऊन मी या घरात आले त्या दिवशीही एवढा उजळला नव्हता. त्यांनी वाढवला. मी पळत पाळण्याकडे. मुलगी झोपलेली. परत बाहेर. आणखी वाढवा. आणि हे खोकं जरा इकडे वळवा, पाळण्याकडे. सलूनवाल्यांनी नियम न मोडता नुसत्या बोटांनी मला वाहवा दिली. त्यांना वाटलं, एकेचाळीस मिनिटांत बाई तयार झाली. तिघांनी मिळून तो माझ्या उंचीचा स्पीकर, उठायचं नाही म्हणून बसल्या बसल्याच, श्वास रोखून, आवाज न करता, फरशीवरून पडद्याकडे सरकवला. खिडकीची काच थरथरतेय, सासूबाई कानावर पदर धरून बाल्कनीत गेल्यात, वरच्या मजल्यावरून कोणीतरी लाटणं आपटतंय...

आणि मुलगी झोपलेली. ओठ अर्धे उघडे, मूठ गालाखाली.

मी खाली बसले. पाळण्याचा खांब धरून. म्हटलं संपलं. सिस्टरला काय तोंड दाखवू, आणि तिला मोठी झाल्यावर काय सांगू, की रांगेत मागची बाई घाई करत होती म्हणून?

तेवढ्यात पुढच्या खोलीत ते सुरू झालं ज्याची हे तिघं वाट बघत होते. जुनी धून. मलाही ओळखू आली, इतक्यांदा भावजींनी अंघोळीत म्हटलीय. आली, आली, आणि ट्रम्पेटांच्या जागी... व्हायोलिनं. बारीक, रडवेली, लांबवलेली. मी पडद्याच्या फटीतून बघितलं, बिगुलकाकांचा चेहरा आधी पांढरा, मग लाल. ते उठले. पहिल्या ऐकण्यात उठले. सरळ भिंतीशी गेले आणि त्यांनी वायर ओढून पिन बाहेर काढली.

एकदम शांत. इतकं शांत की नळाचा थेंब ऐकू आला. आणि दुसऱ्या क्षणी माझ्या मुलीने भोकाड पसरलं.

मी उठले ती तशीच बाहेर. "काका, परत लावा."

सलूनवाले म्हणाले, "बघा, वहिनींना आवडलंय."

भावजींनी पिन लावली. संगीत सुरू. मुलगी गप्प. मी म्हटलं, "काका, आता परत काढा."

बिगुलकाका म्हणाले, "बघा, त्यांनाही सहन होईना." काढली. भोकाड.

"परत लावा." गप्प. "परत काढा." भोकाड. पाच वेळा. भावजी कळवळून म्हणाले, "वहिनी, ते फुटलं हो पार," आणि मी खोलीच्या मधोमध उभी राहून हसतेय आणि डोळ्यांतून पाणी वाहतेय, आणि तिघांना वाटतंय, काय हा संगीताचा परिणाम.

मग सांगावंच लागलं. ती टीक, त्या ताटल्या, सगळं. कोणी हसलं नाही. सलूनवाल्यांनी खिशातून कात्री काढली, मुलीला माझ्या मांडीवर बसवायला सांगितलं, आणि तिच्या उजव्या कानामागे, वीतभर लांबून, हवेत कच् कच्. तिने मान वळवली. डाव्या बाजूला कच् कच्. इकडे वळवली. "माझा रोजचा वैताग आहे हा," ते म्हणाले. "कच् वाजलं की पोर वळतंच, म्हणून तर पोरांचे केस वाकडे कापले जातात."

"मग माझ्या ताटलीला का नाही वळत?"

बिगुलकाका म्हणाले, "पोरी, हा तुझा दीर सकाळी आठपासून 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' ओरडतो. ही जन्मली त्या आवाजात. तिला ताटलीचं काय कौतुक? या घरात शांतता झाली तर घाबरण्यासारखं."

तरी मी सोमवारी गेले. मन मानेना. रांगेत उभी राहिले आणि पुढे आल्यावर सिस्टरना म्हटलं, मागच्या वेळी तिसरा हो मी न बघता सांगितला होता. त्यांनी मान वर केली, पहिल्यांदाच. म्हणाल्या, "इथे रोज सगळे हो न बघताच असतात. सांगायला परत येणाऱ्या तुम्ही पहिल्या." मुलीच्या कानात एक छोटंसं यंत्र घातलं, मी श्वास धरला, माझ्या मागची बाई म्हणाली "अहो सरका," आणि मी सरकले नाही. दोन्ही कान उत्तम. मग त्यांनी जुन्या टिकेवर पेन फिरवून ती ठळक केली.

आता तुम्हाला वाटेल, चला, सुटली बिचारी. कसली सुटते? भावजींनी त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाकलं. झाले दोन ग्रुप. एकात लिहितात, दहा महिन्यांचं बाळही हे संगीत थांबलं की रडतं, याहून मोठी पावती काय. दुसऱ्यात लिहितात, जुन्या धुनेची विटंबना ऐकून बाळाला रडू फुटलं. दोन्ही ग्रुपांवर फोटो माझ्याच मुलीचा. अनोळखी माणसं दारात येऊन विचारतात, "मत कोणाकडे आहे हो तिचं?" आणि हे छापखान्यातून आले, मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, तर म्हणाले, "हं." थोड्या वेळाने पाळण्यात वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं, तेव्हा मला कळलं की ऐकलं होतं.

आणि मुलीचं म्हणाल तर तिला आता दुपारी झोपायला तेच लागतं. दुसरं काही चालत नाही, अंगाई तर नाहीच. खोकं पाळण्याशेजारीच ठेवलंय. पण अडचण अशी, की ती झोपते दोन तास आणि ते संगीत आहे अठ्ठेचाळीस मिनिटांचं. शेवटी एक मोठा दणका होतो आणि एकदम शांत. की भोकाड. मी हातातलं काम टाकून पळत जाऊन परत पहिल्यापासून लावते. दिवसातून तीनदा पहिलं ऐकणं.

तेव्हा तुमच्यापैकी कोणाची त्या नव्या संगीतकाराशी ओळख असेल, किंवा ओळख असलेल्याशी ओळख असेल, तर एवढा निरोप द्या. ट्रम्पेट ठेवा, काढा, तुमचं तुम्ही बघा. पण पुढच्या वेळी दोन तासांचं करा म्हणावं, आणि शेवटी एकदम थांबू नका. हळूहळू कमी करत न्या, म्हणजे एका बाईची भाजी करपणार नाही.